गोंगाट, शांतता आणि आपली वस्ती

गेल्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्यासमोर एक कागद आला. मी ज्या कॉलनीत भाड्याने राहतो तेथील तीस-चाळीस रहिवाशांच्या सह्यांचे ते निवेदन होते. विषय होता 'सार्वजनिक शांतता भंग होत असल्याबाबत'. चौदा एप्रिलच्या निमित्ताने शेजारच्या वस्तीत आठवडाभर ध्वनिवर्धक लागतात, मिरवणुकीतील डीजेमुळे वृद्ध, आजारी व विद्यार्थी यांना अतोनात त्रास होतो, तरी प्रशासनाने बंदोबस्त करावा, असा मजकूर होता. कागद घेऊन आलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक, स्वभावाने सज्जन. "सर, तुम्ही सुशिक्षित आहात, तुम्हाला पटेल," असे ते म्हणाले. त्यांच्या निवेदनातील 'शेजारची वस्ती' ही माझी वस्ती. माझी आई आणि बहीण अजून तिथेच राहतात. हे त्यांना ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असूनही त्यांनी मला त्या वस्तीतून वेगळे काढले होते. दुसरी शक्यता मला अधिक वाटते.

मी सही केली नाही. पण त्या निवेदनातला विद्यार्थ्यांविषयीचा शब्द खोटा आहे असेही मला म्हणता येईना. कारण त्याच आठवड्यात माझ्या भाचीचा फोन आला होता. तिची नीटची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. "मामा, तुमच्या खोलीवर येऊ का? इथं डोकंच चालंना झालंय." रात्री साडेदहाला मी वस्तीत गेलो आणि पोरांना म्हणालो, आता बंद करा, दहा वाजून गेले. त्यांतला एक माझाच माजी विद्यार्थी. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमी आता कॉलनीचे झालात."

'तुम्हाला पटेल' आणि 'तुम्ही कॉलनीचे झालात' ही दोन वाक्ये एकाच आठवड्यात ऐकल्यावर हा प्रश्न मुळापासून समजून घेतला पाहिजे असे वाटले. गोंगाटाचा प्रश्न आपल्या चळवळीत सहसा कोणी घेत नाही. तो पांढरपेशांच्या झोपेचा प्रश्न मानला जातो. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे, आणि ते मांडण्यापूर्वी काही गोष्टींची उजळणी करावी लागेल.

आधी शब्दांकडे पाहू. मराठीत नकोशा आवाजाला जी नावे आहेत ती कोणाच्या घरची आहेत? वर्गात मुले बोलू लागली की आम्ही मास्तर लोक ओरडतो, 'हा काय मासळी बाजार आहे?' (मीही ओरडलो आहे.) पहाटेपासून टोपली घेऊन बसणाऱ्या कोळणीचा धंदा हे आमच्या लेखी गलक्याचे माप. संबळ-तुणतुण्यावर देवीपुढे रात्र जागवणे ही गोंधळ्यांची कला. तिचे नाव बेशिस्तीला दिले. तमाशा ज्यांनी जगवला त्यांच्या कलेचे नाव चारचौघांतल्या भांडणाला दिले. दवंडी देणे हे गावकीतल्या महाराच्या कामांपैकी एक काम होते. आज घरातली गोष्ट बाहेर सांगणाऱ्याने 'दवंडी पिटली' म्हणतात. उलट घंटेचा तो नाद, शंखाचा तो ध्वनी, सनई-चौघड्याचे ते मंगलवाद्य. भाषा सगळ्यांचीच थट्टा करते हे खरे, 'टाळकुटे' हा शब्दही मराठीतच आहे. तरी एकूण तराजू कोणीकडे झुकतो हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ लागत नाही. त्यातही गंमत अशी की ती मंगल सनई वाजवणारा होलार किंवा मांग. वाद्य मांडवात, वाजवणारा मांडवाबाहेर.

म्हणजे गावात आवाज काढण्याचे काम आमच्याकडे होते आणि आवाज काढण्याचा हक्क दुसऱ्यांकडे. हलगी मातंगाने वाजवायची, पण ती पाटलाच्या घरच्या कार्यात. दवंडी महाराने द्यायची, पण ती चावडीने सांगितलेली. स्वतःच्या लग्नात वाजवायचे तर गावाचे नियम आड येत. माझे आजोबा सांगत, त्यांच्या वरातीची वाजंत्री मारुतीच्या पाराच्या अलीकडे बंद झाली आणि पार ओलांडल्यावर पुन्हा सुरू झाली. मधल्या पन्नास पावलांत नवरदेव खाली मान घालून चालला. केरळात याची दुसरी बाजू दिसते. तिथे काही अस्पृश्य जातींना रस्त्याने जाताना आपण येत आहोत हे ओरडून कळवावे लागे, म्हणजे वरच्यांना विटाळ टाळता यावा. कुठे आवाज सक्तीचा, कुठे मौन सक्तीचे. आवाज केव्हा काढायचा आणि केव्हा गिळायचा हे ठरवणारा मात्र दोन्हीकडे वरचाच.

हा केवळ जुना इतिहास असता तर कायद्यात त्याची दखल घ्यावी लागली नसती. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याचे १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायद्यात रूपांतर झाले. त्याच्या चौथ्या कलमात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला धार्मिक, सामाजिक वा सांस्कृतिक मिरवणूक काढण्यास अटकाव करणे हा गुन्हा ठरवला आहे. त्यानंतर चार दशकांनी, अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा वरात काढण्यास आणि वरातीत घोड्यावर बसण्यास आडकाठी करणे हे वेगळे नमूद करावे लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शिर्डीत नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली आणि त्यावरून वाद पेटला, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. खिशातल्या मोबाइलचा आवाज तो किती असणार? दोन टेबलांपलीकडे तो ऐकूही जात नाही. तिथे डेसिबल मोजून उपयोग नव्हता, कारण आक्षेप आवाजाच्या पातळीला नव्हताच.

म्हणून 'गोंगाट' हा शब्द कोणी उच्चारला की प्रथम विचारावे लागते: मोजला आहे, की ओळखला आहे?

हीच गफलत 'शांतता' या शब्दातही आहे. मराठीत या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, कानाला मिळणारी निवांतता. दुसरा, दंगा-धोपा नसणे, म्हणजे सरकारी भाषेतली 'सार्वजनिक शांतता'. सणांपूर्वी पोलीस ठाण्यात 'शांतता समिती'ची बैठक होते ती दुसऱ्या अर्थाची. 'शांतता भंग' करण्याची शक्यता आहे म्हणून कोणाकडून बंधपत्र घेण्याचा जो अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ मध्ये होता तो १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ मध्ये आला आहे, तोही दुसऱ्या अर्थाचा. आमच्या वस्तीतल्या चार-सहा तरुणांना जयंतीच्या आधी अशी नोटीस येते. त्यांतल्या दोघांनी आजवर कोणाला चापटही मारलेली नाही. ही नोटीस येण्यासाठी आवाज व्हावा लागत नाही. तो होईल अशी शंका पुरते. पहिल्या अर्थाच्या शांततेचा कायदा मात्र अगदी वेगळा आहे. त्यात शंकेला जागा नाही, आकड्याला आहे. दुर्दैवाने या कायद्याची माहिती आपल्या कार्यकर्त्यांना फार थोडी असते, म्हणून तो जरा तपशिलात सांगतो.

पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खाली केंद्र सरकारने २००० मध्ये ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम केले. त्यांत सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस आणि रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. व्यापारी भागात ६५ व ५५. औद्योगिक भागात ७५ व ७०. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० व ४०. ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबलने जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे निवासी वस्तीत दिवसा ६५, बस. रात्री दहानंतर उघड्यावर तो लावताच येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सांस्कृतिक वा धार्मिक सणांसाठी बारा वाजेपर्यंत सवलत देता येते, आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या यादीत चौदा एप्रिलही असतो. पण ही सवलत वेळेची आहे, पातळीची नाही. 'आज परवानगी आहे' याचा अर्थ 'आज वाटेल तेवढा आवाज' असा मंडळांनी आणि पोलिसांनी मिळून लावला आहे. नियमांत तो कुठेही नाही.

आता डेसिबलविषयी. हे माप साध्या पट्टीसारखे नाही. आवाज दहा डेसिबलने वाढला म्हणजे त्याची ऊर्जा दहापट होते. वीसने वाढला म्हणजे शंभरपट. कानाला तो दर दहा डेसिबलमागे साधारण दुप्पट मोठा भासतो. बहिणीच्या घरात त्या रात्री मी मोबाइलवरच्या मापकाने पाहिले. दार लावलेले असताना ९५ दिसत होते. मोबाइलचे मापक न्यायालयात चालत नाही, त्यासाठी प्रमाणित यंत्र लागते. पण अंदाज यायला ते पुरे. रात्रीची मर्यादा ४५. फरक पन्नासाचा, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात एक लाख पट. कानाला झेपेल अशी जी मर्यादा कामगारांच्या आरोग्यासाठी सुचवलेली असते ती ८५ डेसिबलला आठ तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने ९५ ला पाऊण तास. त्या रात्री चार तास वाजत होते. आतल्या कानात केसांसारख्या अतिसूक्ष्म पेशी असतात, त्यांच्यामुळे आपल्याला ऐकू येते. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीत बॉक्ससमोर नाचणाऱ्या पोरांच्या कानात दुसऱ्या दिवशी सूं आवाज येत राहतो आणि ते हसून सांगतात, तो या पेशींचा निरोप असतो.

आणि हा आवाज सगळीकडे सारखा पोहोचत नाही. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. आमच्या वस्तीत गल्ली आठ फुटांची, दोन्हीकडे भिंती. तिथे आवाज भिंतींवर आपटत पुढे सरकतो, उतरत नाही. वर पत्रा. पत्रा आवाज अडवत नाही, उलट स्वतः थरथरतो. कॉलनीतल्या माणसाला खिडकी लावून घेता येते. मधे अंगण, कुंपण, रस्ता. ज्यांनी निवेदन दिले त्यांच्या घरात मी त्याच रात्री मोजले तेव्हा ५८ होते. त्यांचा त्रास खोटा नव्हता. पण वस्तीच्या त्रासासाठी निवेदन कोण देणार? वस्तीला त्रास होतो ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात येत नाही, वस्तीच्याही. वस्ती म्हणजे आवाज करणारी, ऐकणारी नव्हे.

अशा वस्त्या बहुधा रेल्वेच्या रुळालगत, हमरस्त्याच्या कडेला, कारखान्यांच्या भिंतीला टेकून वसलेल्या असतात. संमिश्र भागाला चारपैकी कोणत्या वर्गात घालायचे हे ठरवण्याची मुभा या नियमांनी अधिकाऱ्यांना दिली आहे. औद्योगिक म्हटले की रात्रीचे ७० कायदेशीर! माणूस तोच, कान तोच. पत्ता बदलला की झोपेचा हक्क पंचवीस डेसिबलने घटतो.

येथून माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. निवांतपणा ही सुखवस्तूंची चैन नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, दुकान नाही, ओळखीपाळखी नाहीत, ज्याला केवळ पुस्तकाच्या जोरावर वर यायचे आहे, त्याचे ते भांडवल आहे. बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतले चरित्र आपण दरवर्षी भाषणांत सांगतो, पण त्यातल्या या धाग्याकडे आपले लक्ष जात नाही. परळच्या चाळीत सगळ्या कुटुंबाला मिळून एक खोली. भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचे, आणि वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहून त्यांना अभ्यासाला उठवायचे. रात्री दोनच का? कारण चाळ झोपलेली असे. गिरणगावात निवांतपणा त्याच वेळी, आणि तोही फुकट नव्हे, बापाच्या झोपेच्या मोलाने मिळत होता. दिवसा ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची आणि त्यांची ओळख झाली, आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या मदतीची वाट तिथून निघाली. एका सार्वजनिक बागेतला निवांत कोपरा नसता तर, असा विचार मी कधी कधी करतो. पुढे त्यांनी दादरला 'राजगृह' बांधले ते प्रामुख्याने ग्रंथांसाठी, आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले ते शहराच्या गजबजाटापासून बाजूला, मोकळ्या माळावर. आज तिथे नागसेनवनाची झाडी आहे. माझ्या पदवीचे शेवटचे वर्ष त्या झाडांखाली गेले. मी त्या महाविद्यालयाचा विद्यार्थी नव्हतो. केवळ वाचायला जात असे. कोणी हटकले नाही.

गोंगाटाने अभ्यासावर काय परिणाम होतो हे आता अंदाजाचे राहिलेले नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या एका सरकारी शाळेजवळून उन्नत रेल्वेमार्ग जात होता. इमारतीच्या एका बाजूचे वर्ग रुळाकडे, दुसऱ्या बाजूचे आड. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दोन्ही बाजूंच्या मुलांचे वाचन तपासले आणि १९७५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. सहावीपर्यंत पोहोचलेली रुळाकडच्या वर्गांतली मुले सुमारे एक वर्षाने मागे पडलेली होती. शाळा एक, गल्ली एक. फरक भिंतीच्या बाजूचा. नंतर रुळांवर आवाज कमी करणारे उपाय झाले, वर्गांना आवाज शोषणारी छते बसवली, आणि १९८१ च्या फेरतपासणीत हा फरक नाहीसा झाला. या अभ्यासाचा हा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मागे पडलेली मुले 'मंद' नव्हती. त्यांना ऐकू येत नव्हते, एवढेच. आपल्या मुलांच्या बाबतीत गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्या किती जणांनी आपल्या शाळांच्या भिंती पाहिल्या आहेत?

गोंगाट सर्वांत दुबळ्याचा आवाज गिळतो, याचा सर्वांत भयानक दाखला सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालात आहे. ध्वनिप्रदूषणावरचा तो प्रसिद्ध निकाल १८ जुलै २००५ चा. तो ज्या याचिकेवर आला तिचे तात्कालिक कारण होते जानेवारी १९९८ मधली एक बातमी. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. तिने मदतीसाठी फोडलेला टाहो शेजारी लागलेल्या ध्वनिवर्धकाच्या संगीतात कोणालाही ऐकू आला नाही. संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. न्यायालयाने म्हटले ते असे की, बोलण्याचे स्वातंत्र्य संविधानाच्या एकोणिसाव्या कलमात आहे, पण दुसऱ्याला बळजबरीने ऐकायला लावण्याचे स्वातंत्र्य त्यात नाही. निवांत जगण्याचा हक्क एकविसाव्या कलमात येतो. धर्माच्या नावाने हा प्रश्न अडवता येऊ नये म्हणून आधी २००० मध्ये चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात, आणि नंतर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही हे स्पष्ट केले आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने पोलिसांना आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्या कामाची आहे: तक्रारदाराची ओळख विचारत बसू नका, आणि ती कळली तर समोरच्याला सांगू नका. वस्तीतल्या एखाद्या बाईला शेजारच्या मंडळाविरुद्ध तक्रार करायची असेल तर या एका वाक्यावर तिचे उद्याचे जगणे अवलंबून असते.

कायदा असा आहे. शिक्षेच्या बाबतीत तो पुढे गेला की मागे यावर मतभेद होतील. पूर्वी पर्यावरण कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद होती; २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड ठेवला. कैद असतानाही आमच्या तालुक्यात कोणी आत गेल्याचे मी ऐकले नाही, तेव्हा फार हळहळ वाटण्याचे कारण नाही.

आता आपल्याच लोकांशी थोडे बोलतो, आणि कडू बोलतो. आंबेडकरी चळवळ ही शब्दांची चळवळ आहे. भीमराव कर्डकांचा जलसा काय, वामनदादा कर्डकांचे रात्ररात्र चालणारे गायन काय, त्यात माणसे बसून ऐकत. ढोलकी असे, तुणतुणे असे, पण कान शब्दावर असे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी त्या गाण्यांतून बाबासाहेब ऐकले. आज त्याच परंपरेची गाणी आम्ही डीजेवर लावतो आणि त्यांतला शब्द बेसखाली गाडला जातो. छाती हादरते, डोके रिकामे राहते. वर्गणीतला निम्म्याहून अधिक पैसा डीजेच्या भाड्यात जातो. ज्या वस्तीत बारावीच्या पोरांना बसायला खोली नाही तिथे. हा आमचा विद्रोह आहे असे कोणी म्हणाले तर मी विचारीन, कोणाविरुद्धचा? पाटलाच्या वाड्यात तो पोहोचत नाही. तो पोहोचतो पत्र्याखालच्या बाळंतिणीपर्यंत. मारुतीच्या पारापुढे वाजंत्री वाजवणे हा विद्रोह होता, कारण तिथे ती बंद होती. आपल्याच गल्लीत रात्री बाराला वाजवण्यात कोणती बंदी मोडली?

आपण बौद्ध झालो, तर बुद्धाच्या संघाविषयीची एक कथाही आठवावी. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात अजातशत्रू राजा जीवकाच्या आमराईत रात्री बुद्धाच्या भेटीला जातो. तिथे साडेबाराशे भिक्खू बसलेले असतात आणि शिंकेचा, खोकल्याचाही आवाज नसतो. राजा घाबरतो, एवढी माणसे आणि एवढी शांतता, मला फसवून शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना, असे जीवकाला विचारतो. राजाला फौजेची नव्हे, शिस्तीची भीती वाटली! दुसरी कथा माझ्या मघाच्या मुद्द्याच्या विरोधात जाते, तरी सांगतो. मज्झिमनिकायातल्या चातुमसुत्तात गलका करणाऱ्या भिक्खूंना बुद्ध परत पाठवतात, आणि तिथे उपमा दिली आहे ती मासे ओढणाऱ्या कोळ्यांचीच. म्हणजे 'मासळी बाजार' फार जुना आहे. ग्रंथ आपला आहे म्हणून त्यातली उपमा तपासायची नाही असे मी मानत नाही.

सप्टेंबरात गणपती विसर्जनाच्या रात्री मी पुन्हा मोबाइल घेऊन उभा राहिलो, या वेळी कॉलनीच्या फाटकाशी. ९७. ट्रॅक्टरवरचे बॉक्स ओळखीचे वाटले. जवळ जाऊन पाहिले तर मिक्सरवर बसलेला ऑपरेटरही तोच, एप्रिलमध्ये आमच्या मिरवणुकीत होता तो. त्याने मला ओळखून हात हलवला. निवेदनाचे कर्ते गृहस्थ आरतीचे तबक घेऊन उभे होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे माझे निवेदन घेऊन गेलो. त्यात जयंती होती, गणपती-नवरात्र होते, लग्नाची हळद होती, मंदिराचा काकडा, मशिदीची अजान आणि आमच्या विहारातली पहाटे साडेपाचची वंदनाही होती. सहाच्या आधी म्हणजे ती कायद्याने रात्रच. सगळ्यांना एकच आकडा लावा, एवढीच मागणी. त्यांनी दोनदा वाचले. "सर, यात तर सगळेच आले," म्हणाले. कागद ठेवून घेतला, वाचून सांगतो म्हणाले.

वस्तीतली बैठक विहारात झाली. मी आकडे सांगितले, पाऊण तासाचा हिशेब सांगितला. तीन-चार जणांनी मोबाइलवर मापक उतरवून घेतले आणि तिथेच टाळ्या वाजवून मोजू लागले. एप्रिलमध्ये मला बोललेला तो माजी विद्यार्थी शेवटी उठला. "सर, पुढच्या वर्षी आम्ही दहाला बंद करतो. डीजे नको म्हणलं तरी चालंल. पण गणपती मंडळाला सांगायला तुमी आमच्यासंगं येणार का?" मला उत्तर द्यायला वेळ लागला. मी कॉलनीत भाडेकरू आहे, घरमालक मंडळाचे खजिनदार आहेत. येतो म्हणालो.

अर्ज पोलीस ठाण्यात दिला आहे. टेबलावरच्या हवालदाराने नाव विचारले तेव्हा मी उच्च न्यायालयाचा आदेश सांगितला. तो हसून म्हणाला, "नाव नको, तर पोच कोणाच्या नावानं देऊ?" मी नाव सांगितले. पोच मिळाली. उत्तर अजून आलेले नाही.

भाचीचा नंबर त्या वर्षी लागला नाही. ती पुन्हा बसते आहे. विहाराच्या खालच्या खोलीत अभ्यासिका सुरू झाली आहे. तिथे चौदा खुर्च्या आहेत, एक पंखा आहे, आणि दाराला आतून माझ्या आईने शिवलेली जाड गोधडी टांगली आहे. वरच्या गच्चीवरचा कर्णा मात्र अद्याप उतरवलेला नाही. तो विषय पुढच्या बैठकीवर ठेवला आहे.